सोन्याची साखळी आणि पन्नास क्रमांकाचे टेबल

(वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात न्यूयॉर्कमधील दारूबंदीच्या काळाविषयी एका प्रश्नाला उत्तर देताना आम्ही ‘स्टॉर्क क्लब’ या नाइटक्लबचा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : स्टॉर्क क्लबचा मालक मुळात चोरटी दारू विकणारा होता, असे आपण लिहिले होते. मग न्यूयॉर्कमधील घरंदाज आणि श्रीमंत मंडळी त्याच्याकडे गेलीच कशी?

उत्तर : मालकाचे नाव शर्मन बिलिंग्स्ली. तो ओक्लाहोमा राज्यातील ईनिड या गावचा. तरुणपणी त्याने चोरट्या दारूचा धंदा केला होता आणि त्यापायी तुरुंगाची हवाही खाल्ली होती. 1929 साली पश्चिम 58व्या रस्त्यावर त्याने स्टॉर्क क्लब सुरू केला तेव्हा अमेरिकेत दारूबंदीला नऊ वर्षे उलटून गेली होती, म्हणजे हा क्लब कायद्याच्या दृष्टीने एक गुत्ताच होता. सुरुवातीच्या काळात त्याच्या भागीदारांमध्ये ओनी मॅडनसारखे टोळीवाले होते, आणि त्यांच्यापासून सुटका करून घेण्यासाठी त्याला बरीच किंमत मोजावी लागली. 1931च्या अखेरीस दारूबंदी खात्याने धाड घालून ही जागा बंद केली. त्यानंतर क्लब पूर्व 51व्या रस्त्यावर गेला आणि 1934 साली, दारूबंदी उठल्यानंतर, पाचव्या ॲव्हेन्यूला लागून असलेल्या 3, पूर्व 53वा रस्ता या पत्त्यावर स्थिरावला. पुढची एकतीस वर्षे तो तेथेच होता.

घरंदाज मंडळी तेथे कशी गेली, याचे उत्तर मात्र बिलिंग्स्लीच्या चरित्रात शोधण्यापेक्षा त्या मंडळींच्या बदलत्या राहणीत शोधावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचा उच्चवर्ग मेजवान्या आणि नृत्यसमारंभ आपापल्या वाड्यांत करीत असे, आणि कोणाला आमंत्रण द्यायचे हे श्रीमती ॲस्टर यांच्यासारख्या मोजक्या स्त्रिया ठरवीत. त्यांच्या वर्तुळाला ‘चारशे’ असेच म्हटले जाई. या व्यवस्थेत कुळ पाहिले जात असे. नुसता पैसा पुरत नसे आणि प्रसिद्धी तर अवगुणच समजली जात असे. दारूबंदीने ही घडी विस्कटली. चोरून दारू विकणाऱ्या ठिकाणी बँकेचा संचालक, नटी, वार्ताहर आणि गुंड हे सगळे एकाच अंधाऱ्या खोलीत, बहुधा एकाच टेबलावर बसू लागले, आणि स्त्रियाही तेथे पुरुषांच्या बरोबरीने पिऊ लागल्या. पुढे 1929च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर अनेकांना ते वाडे आणि नोकरचाकर परवडेनासे झाले. घरी चारशे माणसांना जेवायला बोलावण्यापेक्षा क्लबात एक टेबल धरणे स्वस्त पडत होते. कुळ आणि प्रसिद्धी यांच्या या मिश्रणाला ‘कॅफे सोसायटी’ हे नाव मिळाले. ते रूढ करण्याचे श्रेय मॉरी पॉल या समाजवार्ता लिहिणाऱ्या स्तंभलेखकाला दिले जाते.

या नव्या समाजाला वाडा नव्हता. बिलिंग्स्लीने तो भाड्याने दिला, असे म्हटले तरी चालेल.

प्रश्न : क्लबच्या दारात सोन्याची साखळी लावलेली असे, ही गोष्ट खरी आहे की दंतकथा? आत कोण कोठे बसणार हे कसे ठरत असे?

उत्तर : साखळी खरी होती आणि ती 14 कॅरेट सोन्याची होती. दारापाशी उभा असलेला माणूस आलेल्याचा चेहरा पाहून ती काढायची की नाही हे ठरवीत असे. पुरुषांना कोट आणि टाय आवश्यक होता, आणि संध्याकाळनंतर पुरुषाची सोबत नसलेल्या स्त्रीला आत घेत नसत. हे नियम उघड होते. परंतु त्यांचे पालन करणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळेलच असे नव्हते, कारण खरा नियम कोठेही लिहिलेला नव्हता.

साखळी ओलांडली म्हणजे माणूस पोहोचला असे समजण्याचेही कारण नव्हते. आत लांबलचक बार होता, त्यापलीकडे नाचण्याची जागा आणि वाद्यवृंद असलेले मुख्य भोजनगृह होते, आणि त्याशिवाय खासगी समारंभांसाठी वेगळी खोली होती. पण ज्या खोलीसाठी न्यूयॉर्क झुरत असे तिचे नाव ‘कब रूम’. या खोलीला खिडक्या नव्हत्या, भिंती लाकडी तक्तपोशीने मढवलेल्या होत्या आणि त्यांवर सुंदर स्त्रियांची चित्रे लावलेली होती. बिलिंग्स्लीने ती मुळात मित्रांबरोबर पत्ते खेळण्यासाठी बांधून घेतली होती. तिच्या दाराशी एक प्रमुख वेटर उभा असे आणि त्याला सगळे जण ‘सेंट पीटर’ म्हणत, कारण ख्रिस्ती श्रद्धेनुसार स्वर्गाच्या दारावर कोणाला आत सोडायचे हे सेंट पीटर ठरवतो. ज्यांना त्याने सोडले नाही त्यांनी खोलीचे नाव बदलून ‘स्नब रूम’ केले. स्नब म्हणजे तुच्छतेने टाळणे.

आपल्याकडे ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतात तो येथे शास्त्राच्या पातळीवर नेलेला होता. बिलिंग्स्ली टेबलांमधून फिरत असताना हातांच्या खुणांनी वेटरांशी बोलत असे. त्याने टायला हात लावला की त्या टेबलाचे बिल येत नसे, आणि नाकाला बोट लावले की ही मंडळी महत्त्वाची नाहीत, त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नका, असा अर्थ होई. पाहुण्याशी हसून बोलत असतानाच तो ही खूण करू शकत असे. इतक्या काटेकोरपणे चालणारे यजमानपण पाहून कौतुक वाटते आणि थोडी शिसारीही येते, हे मी येथे नमूद करून ठेवतो.

कब रूममधील पन्नास क्रमांकाचे टेबल वॉल्टर विंचेल या स्तंभलेखकाचे होते. टेक्सस ग्विनन या त्या काळच्या गाजलेल्या क्लब-यजमानीणबाईंच्या मध्यस्थीने तो स्टॉर्क क्लबात आला, आणि 1930 साली त्याने या क्लबला ‘न्यूयॉर्कमधील सर्वांत न्यूयॉर्की ठिकाण’ असे म्हटले. विंचेलचे सदर सुमारे 2,000 वृत्तपत्रांत छापले जाई आणि रविवारी रात्री त्याचा आवाज रेडिओवर घरोघरी पोहोचत असे. त्याच्या एका ओळीने एखाद्या नाटकाचे आयुष्य वाढे किंवा एखाद्याची अब्रू जाई. हा माणूस रोज रात्री एकाच ठराविक टेबलावर बसतो, हे कळल्यावर ज्यांना छापून यायचे होते ते तेथे आले. ज्यांना छापून यायचे नव्हते तेही आले, निदान काय छापले जाणार आहे ते कळावे म्हणून.

प्रश्न : एवढ्या भेटवस्तू आणि फुकट जेवणे देऊन धंदा कसा चालत होता?

उत्तर : चांगला चालत होता. 1936 साली क्लबची वार्षिक उलाढाल प्रथमच दहा लाख डॉलरपर्यंत गेली, आणि तो मंदीचा काळ होता हे लक्षात घेतले पाहिजे. बिलिंग्स्ली आवडत्या पाहुण्यांना शॅम्पेन, टाय, सौंदर्यप्रसाधने आणि विशेषतः ‘सॉर्टिलेज’ नावाचे अत्तर भेट देई. या अत्तराच्या धंद्यात त्याचा स्वतःचाही वाटा होता, त्यामुळे भेट आणि जाहिरात यांतील सीमा पुसट होती. रविवारी रात्री छताला जाळीत बांधलेले फुगे खाली सोडले जात. त्यांत बक्षिसांच्या चिठ्ठ्या असत आणि काहींमध्ये 100 डॉलरच्या नोटाही असत. रेशमी पोशाखातील स्त्रिया ते फुगे पकडण्यासाठी एकमेकींना ढकलत, आणि छायाचित्रकार तो क्षण टिपत. क्लबचे स्वतःचे छायाचित्रकार होते. कोणत्या टेबलावर कोण कोणाबरोबर बसले होते, याची चित्रे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पोहोचलेली असत.

यामागचा हिशेब साधा होता. क्लबात दोन प्रकारचे गिऱ्हाईक येत असे, एक पाहण्याजोगे आणि दुसरे पाहणारे. पहिल्यासाठी बिल माफ असे आणि दुसरा त्याचीही किंमत भरत असे. विंडसरचे ड्यूक आणि डचेस, केनेडी कुटुंबीय, चित्रपटतारका, अगदी एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर येथे येत. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून जेवण्यासाठी बाहेरगावचा एखादा व्यापारी आनंदाने पैसे मोजत असे, आणि घरी परतताना स्टॉर्कचे चित्र असलेला काळा ॲशट्रे खिशात घालून नेत असे.

सरकारही या बिलात आपला वाटा मागत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944 साली, गाणे किंवा नाच असलेल्या ठिकाणच्या बिलावर 30 टक्के केंद्रीय कर लागला. तो लवकरच 20 टक्क्यांवर आणला गेला, तरी त्यापायी देशभर अनेक ठिकाणी नाचाची फरशी बंद झाली. 1945च्या आरंभी तर मध्यरात्री दारे बंद करण्याचा हुकूमही काही काळ होता. स्टॉर्क क्लब या सगळ्यातून तरला, कारण त्याच्या पाहुण्यांना बिलाच्या आकड्याची फारशी पर्वा नव्हती.

प्रश्न : क्लबला करकोचाचे नाव का?

उत्तर : स्टॉर्क म्हणजे करकोचा, आणि पाश्चात्त्य लोककथांत तो तान्ही बाळे आणून देतो. परंतु हे नाव आपण का निवडले ते आपल्याला आठवत नाही, असे खुद्द बिलिंग्स्ली सांगत असे. डोक्यावर उंच टोपी, एका डोळ्यावर चष्म्याची काच आणि एका पायावर उभा असलेला करकोचा हे त्याचे बोधचिन्ह मात्र इतके प्रसिद्ध झाले, की नावाच्या अर्थाची कोणाला गरजच उरली नाही.

प्रश्न : त्याच काळातील ‘एल मोरोक्को’ हा क्लब अधिक प्रतिष्ठित होता असे वाचले. खरे काय?

उत्तर : दोन्ही क्लबांत जाणारी माणसे बरीचशी तीच होती. पुष्कळ जण एकाच रात्री दोन्हीकडे हजेरी लावीत. जॉन पेरोना याने 1931 साली पूर्व 54व्या रस्त्यावर एल मोरोक्को सुरू केला. तेथील बाकांवर झेब्र्याच्या कातड्यासारखे निळे-पांढरे पट्टे होते. वृत्तपत्रातील चित्राखाली जागेचे नाव नसले तरी त्या पट्ट्यांवरून वाचकाला ठिकाण ओळखता येई, म्हणजे फर्निचरच जाहिरात करीत होते. तेथील नको असलेल्या पाहुण्यांसाठीच्या कोपऱ्याला ‘सायबेरिया’ म्हणत. पुढे हा शब्द न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांत मागच्या टेबलांसाठी सर्रास वापरला जाऊ लागला.

एल मोरोक्को अधिक युरोपीय वळणाचा होता आणि स्टॉर्क अधिक अमेरिकन, असा फरक करता येईल. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पेरोनाच्या क्लबातील एक प्रसंग मात्र सांगण्याजोगा आहे. 1949च्या सप्टेंबरमध्ये नट हम्फ्री बोगार्ट दोन भलेमोठे खेळण्यातले पांडा घेऊन तेथे आला आणि त्यांना शेजारी खुर्च्यांवर बसवून पीत राहिला. एका तरुणीने त्यांतला एक पांडा उचलू पाहिला तेव्हा झटापट झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी तक्रार फेटाळली, पण क्लबाने बोगार्टला बंदी घातली. नको त्या माणसाला कायमचे दार बंद करण्याची ही रीत बिलिंग्स्लीकडेही होती, आणि त्याच्या यादीत भलीभली नावे होती.

प्रश्न : गायिका-नर्तकी जोसेफिन बेकर यांना या क्लबात अपमान सहन करावा लागला. नेमके काय घडले?

उत्तर : घटना 16 ऑक्टोबर 1951च्या रात्रीची आहे. बेकर या अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय कलावती. पॅरिसमध्ये त्यांना अफाट कीर्ती मिळाली, 1937 साली त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व घेतले आणि युद्धकाळात नाझींविरुद्धच्या गुप्त प्रतिकारात काम केले. 1951च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी अशी अट घातली होती, की जेथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना गोऱ्यांच्या बरोबरीने बसू दिले जाणार नाही तेथे आपण कार्यक्रम करणार नाही. त्या वर्षी मे महिन्यात हार्लेममध्ये त्यांचा जाहीर सत्कारही झाला होता.

त्या रात्री त्या फ्रेंच गायक रॉजर रिको, त्यांची पत्नी आणि बेसी ब्यूकॅनन यांच्याबरोबर स्टॉर्क क्लबात गेल्या. ब्यूकॅनन या पुढे न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. मंडळींना कब रूममध्ये बसवले गेले आणि त्यांची ऑर्डरही घेतली गेली. त्यानंतर सुमारे तासभर बेकर यांच्यासमोर जेवण आले नाही. वेटर जवळून जात होते आणि कोणी नजर देत नव्हते. शेवटी मंडळी उठून निघून गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून सेवा नाकारण्यास न्यूयॉर्क राज्यात कायद्याने मनाई होती. त्यामुळे उघड नकार देणे धोक्याचे होते, पण उशीर करण्यास कोणता कायदा आडवा येणार? नाही म्हणायचे नाही आणि वाढायचेही नाही, हा मार्ग अशा ठिकाणी सर्वांत सुरक्षित असतो. ज्या खुणांच्या भाषेचे वर्णन वर केले आहे ती केवळ गमतीची नव्हती. कोणाला किती वेळ ताटकळत ठेवायचे हे एक अक्षर न बोलता ठरवणारी यंत्रणा तेथे वर्षानुवर्षे चालत आलेली होती. पुढे शहराच्या पातळीवर चौकशी झाली आणि तीत भेदभाव सिद्ध झाला नाही, याचे नवल वाटू नये.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने क्लबबाहेर निदर्शने केली. त्या रात्री विंचेलही क्लबात होता. बेकर यांनी त्याने मध्ये पडून काही केले नाही अशी तक्रार केली. त्याने सदरातून आणि रेडिओवरून त्यांच्यावर कम्युनिस्टधार्जिण्या असल्याचा आरोप केला, आणि शिवाय पूर्वी त्या मुसोलिनीच्या बाजूच्या होत्या असेही ठोकून दिले. एकाच व्यक्तीवर हे दोन्ही आरोप करता येतात, यावरून त्या काळच्या वातावरणाची कल्पना यावी. बेकर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, पण तो टिकला नाही, आणि अमेरिकेतील त्यांचे कार्यक्रम एकामागून एक रद्द झाले. विंचेलला मात्र हे प्रकरण पूर्वीसारखे पचले नाही. ज्याला उदारमतवादी समजून लोक वाचत होते त्याच्यावरचा विश्वास तेव्हापासून ओसरू लागला.

वेगळा क्लब चालवणे शक्यच नव्हते, असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण देतो. 1938 साली बार्नी जोसेफसन याने ग्रेनिच व्हिलेजमधील शेरिडन स्क्वेअर येथे एका तळघरात क्लब काढला आणि श्रीमंतांची खिल्ली उडवण्यासाठी त्याला ‘कॅफे सोसायटी’ हेच नाव दिले. तेथे काळे आणि गोरे शेजारी बसत आणि सर्वांना सारखेच वाढले जाई. कृष्णवर्णीयांच्या जमावहत्येवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणे बिली हॉलिडे यांनी 1939 साली तेथेच गायला सुरुवात केली. हा क्लब गिऱ्हाइकांच्या अभावी बसला नाही. 1947 साली जोसेफसनच्या कम्युनिस्ट भावाला संसदीय समितीने बोलावले, त्यानंतर वृत्तपत्रांतील स्तंभलेखक क्लबवर तुटून पडले आणि काही काळातच तो मिटला. न्यूयॉर्कच्या रात्रीवर लेखणीची सत्ता किती होती, हे एका क्लबच्या उत्कर्षातून आणि दुसऱ्याच्या अंतातून सारखेच दिसते.

प्रश्न : मग स्टॉर्क क्लब कशामुळे बंद पडला? बेकर प्रकरणामुळे का?

उत्तर : थेट त्यामुळे नाही. क्लब त्यानंतर चौदा वर्षे चालू होता, आणि 1956च्या आरंभी ग्रेस केली आणि मोनॅकोचे राजपुत्र रेनिए यांच्या विवाहनिश्चयाच्या बातमीच्या दिवसांत ते दोघे तेथे दिसले तेव्हा क्लबचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले होते. क्लबची गाडी रुळावरून घसरली ती 1957 साली. न्यूयॉर्कमधील बहुतेक क्लबांनी आणि उपाहारगृहांनी कामगार संघटनांशी करार केले होते, पण बिलिंग्स्ली अडून बसला. वेटर आणि स्वयंपाकघरातील माणसे संपावर गेली आणि दारासमोर निदर्शकांची रांग लागली. ती वर्षानुवर्षे हटली नाही. नाट्य आणि चित्रपट व्यवसायातील कलावंत स्वतः संघटनांचे सभासद होते, त्यामुळे संपकऱ्यांची रांग ओलांडून आत जाणे त्यांना शक्य नव्हते. वर सांगितलेला हिशेब येथे उलटला. पाहण्याजोगे गिऱ्हाईक गेले, मग पाहणारे कशाला येतील?

त्यातच दूरचित्रवाणी आली होती आणि चेहरे घरबसल्या दिसू लागले होते. 1950 साली बिलिंग्स्लीने स्वतःच क्लबातून दूरचित्रवाणीचा कार्यक्रम सुरू केला होता, आणि जी जागा दुर्मीळ म्हणून मोलाची होती ती त्याने आपल्या हातांनी लोकांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवली. विंचेलचाही अस्त होत होता. त्याचे मुख्य वृत्तपत्र ‘डेली मिरर’ 1963 साली बंद पडले. त्याच वर्षी स्टॉर्क क्लबने हॅम्बर्गर आणि बटाट्याचे काप 1.99 डॉलरला मिळतील अशी जाहिरात दिली. ज्यांनी त्या साखळीचे वैभव पाहिले होते त्यांना ती जाहिरात वाचताना कसे वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. शेवटी शेवटी एखाद्या रात्री संपूर्ण क्लबात तीनच गिऱ्हाइके असत.

4 ऑक्टोबर 1965 रोजी क्लब बंद झाला. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, 4 ऑक्टोबर 1966 रोजी, बिलिंग्स्लीचे निधन झाले.

प्रश्न : ती इमारत आज पाहता येते का?

उत्तर : नाही. ती 1966 साली पाडली गेली. सीबीएस या रेडिओ-दूरचित्रवाणी कंपनीचे प्रमुख विल्यम पेली यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ त्या जागी एक छोटे उद्यान उभारले आणि 1967च्या मे महिन्यात ते लोकांसाठी खुले झाले. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम 4,200 चौरस फूट आहे. मागच्या भिंतीवरून 20 फूट उंचीचा धबधबा कोसळतो आणि त्याच्या आवाजात रस्त्यावरची वाहतूक ऐकू येत नाही. झाडांच्या सावलीत हलक्या तारेच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. त्या जमिनीला जखडलेल्या नाहीत, त्यामुळे जो येतो तो आपली खुर्ची ओढून हवी तेथे बसतो.